तोंड आलंय? किती दुखतंय ते नंतर, किती दिवस झाले ते आधी सांगा

प्रश्न थोडक्यात असा: स्त्री, वय ३४. गेली पाच वर्षं दर महिना-दीड महिन्याने तोंड येतं. कधी खालच्या ओठाच्या आत, कधी गालाला, कधी जिभेच्या कडेला. एका वेळी दोन-तीन. आठ-दहा दिवस खाणं-बोलणं नकोसं होतं, मग आपोआप बरं होतं. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांनी पूर्वी फरक पडायचा, आता पडत नाही. वडिलांनाही हाच त्रास होता. हा कॅन्सर तर नाही ना, सहा वर्षांच्या मुलाला लागेल का, आणि हे कायमचं बंद कसं होईल?

आधी धास्तीचं बघू. पाच वर्षं येतंय-जातंय, दर खेपेला जागा बदलते, दहा दिवसांत मागमूस राहत नाही, आणि दुखतं भरपूर. कॅन्सरचा व्रण असा वागत नाही. तो एका जागी ठाण मांडून बसतो, हळूहळू वाढतो आणि सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. मी २६ वर्षं लोकांना ‘आ करा’ म्हणत आले आहे आणि या काळात एक गोष्ट वारंवार पाहिली: ज्याला प्राण कंठाशी आल्यासारखं वाटतं त्याचा व्रण साधा निघतो, आणि ज्याच्यावर खरी घाई करायला हवी तो माणूस ‘दुखत नव्हतं म्हणून आलो नाही’ असं सांगतो. तोंडाच्या बाबतीत दुखण्यावरून गांभीर्य ठरवू नका.

आपल्याकडे ‘तोंड येणं’ हा शब्दप्रयोग फार सोयीचा आहे, आणि डॉक्टरला तितकाच चकवणारा. दाताखाली गाल चावला गेला तरी तोंड आलं, नागिणीच्या जातकुळीतल्या विषाणूने टाळूला पुरळ उठलं तरी तोंड आलं, बुरशीचा पांढरा थर चढला तरी तोंडच आलं. फोनवर कुणी नुसतं एवढंच सांगितलं की मी तीन गोष्टी विचारते: नेमकं कुठे, किती दिवस झाले, आणि मागच्या वेळी याच जागी होतं का? या तीन उत्तरांवर निम्मं निदान होतं.

तुमच्या वर्णनाला वैद्यकात वारंवार होणारे ॲफ्थस अल्सर म्हणतात. ‘ॲफ्था’ हा ग्रीक शब्द हिपोक्रेटिसच्या नावावर सांगितला जातो, म्हणजे दुखणं काही आजचं नाही. दर पाच माणसांमागे साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी हे वारंवार होतं. सुरुवात बहुतेकदा लहानपणी किंवा विशीच्या आत होते आणि वय वाढेल तसं ते विरळ होत जातं. यांतल्या सुमारे ८० टक्के लोकांना जो लहान प्रकार होतो, तो एक सेंटिमीटरहून छोटा, गोल किंवा लंबगोल असतो. मधे पिवळसर-राखाडी तळ, भोवती लालबुंद कडं. एक-दोन आठवड्यांत भरतो आणि व्रणखूण ठेवत नाही. दुसरा मोठा प्रकार एक सेंटिमीटरच्या पुढचा, खोल, कित्येक आठवडे टिकणारा आणि जाताना खूण ठेवणारा. तिसऱ्यात एक-दोन मिलिमीटरचे डझनावारी बारीक व्रण एकदम उठतात आणि एकमेकांत मिसळतात. त्याचं इंग्रजी नाव, ‘हर्पेटिफॉर्म’, नागिणीची आठवण करून देणारं आहे, पण त्या विषाणूशी त्याचा काही संबंध नाही. नाव ठेवणाऱ्याने घोळ घातला, तो आम्ही अजून निस्तरतोय.

लोक याला ‘फोड’ म्हणतात, पण हा फोड नाही. फोडात पाणी असतं. हा खड्डा आहे, अस्तर निघून गेल्याने उघडी पडलेली जागा. म्हणून सुईने टोचून काही उपयोग नाही. मधला पिवळा थरही पू नव्हे. जखमेवर खपली धरते तसा तो ओल्या जागेतला फायब्रिनचा पापुद्रा आहे. तो ब्रशने किंवा नखाने खरवडून काढणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचे व्रण साहजिकच उशिरा भरतात.

आता जागेबद्दल, कारण इथे फार माहिती दडलेली असते. तोंडाचं अस्तर सगळीकडे सारखं नाही. दातांना घट्ट चिकटलेली हिरडी आणि टाळूचा पुढचा कडक भाग यांच्यावर केराटिनचा चिवट थर असतो, कारण चावताना घासणं तिथेच जास्त होतं. ओठाची आतली बाजू, गाल, जिभेचा खालचा भाग, जिभेखालचा तळ आणि मागची मऊ टाळू इथलं अस्तर पातळ, मऊ. ॲफ्थस अल्सर जवळजवळ नेहमी या मऊ जागांवर येतात. नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूचे पुन्हा पुन्हा उठणारे बारीक व्रण उलट कडक जागा धरतात: टाळू, हिरडी, किंवा ओठांची बाहेरची किनार. विषाणूच्या व्रणावर स्टेरॉइडचं मलम चोळलं तर तो पसरू शकतो, म्हणून हा फरक नुसता पुस्तकी नाही. आरशात बघताना जागा नीट बघा.

हे होतं कशाने? जंतूने नाही. आपल्याच रोगप्रतिकारशक्तीतल्या टी-पेशी अस्तराच्या पेशींवर चाल करून जातात आणि तेवढा भाग गळून पडतो. म्हणून प्रतिजैविकांच्या गोळ्या गिळून हा बरा होत नाही, आणि म्हणूनच तो एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. हा स्वभाव अंशतः रक्तातून येतो. सुमारे ४० टक्के रुग्णांच्या घरात आधी कुणाला तरी असतोच. तुमच्या वडिलांचा उल्लेख म्हणूनच महत्त्वाचा. पण स्वभाव वडिलांकडून आला तरी दर महिन्याला ठिणगी कुठून पडते, ती शोधता येते.

घरोघरी दोन कारणं ठरलेली असतात: अंगात उष्णता झाली, किंवा पोट साफ नाही. उष्णतेबद्दल मी वाद घालत नाही, घालून काही निष्पन्नही होत नाही. पोटाचं मात्र अर्धसत्य आहे. एक दिवस शौचाला झालं नाही म्हणून तोंड येत नाही, आणि पोट साफ करायचं औषध घेऊन व्रण भरतही नाही. पण आतड्याचे काही खरे आजार तोंडात डोकावतात. सीलिॲक आजारात गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याचं अस्तर झिजतं आणि लोह आणि फोलेट (म्हणजे फोलिक ॲसिडचं जीवनसत्त्व) शोषलं जात नाही. कधी कधी तोंडातले व्रण हीच त्याची पहिली खूण असते. क्रोन आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या सूजेतही तोंड येतं. तेव्हा वारंवार जुलाब, शौचातून रक्त, वजन उतरणं, सतत पोट फुगणं यांतलं काही सोबत असेल तर पोटाचं म्हणणं मी फार गांभीर्याने घेते.

बी-कॉम्प्लेक्सकडे येते, कारण तुमचा खरा धागा मला तिथे दिसतो. तोंडाच्या अस्तराच्या पेशी फार भराभर बदलतात. एक-दोन आठवड्यांत जुनं अस्तर जाऊन नवं येतं. एवढ्या वेगाने पेशी घडवायला लोह, फोलेट आणि बी-१२ लागतं. त्यांतलं एकही कमी पडलं की अस्तर पातळ होतं, जीभ गुळगुळीत आणि हुळहुळी होते, आणि जरा खरचटलं की व्रण उठतो. आता तुमची कमतरता लोहाची असेल तर बी-कॉम्प्लेक्सचा डबा संपवलात तरी काय होणार? आणि बी-१२ची असेल तर बऱ्याच बी-कॉम्प्लेक्स गोळ्यांत ते अगदी किरकोळ असतं. गोळी तीच, व्रण आपले आपण दहा दिवसांत भरतो, आणि श्रेय मात्र गोळीला जातं. पहिल्यासारखा गुण येत नाही असं तुम्हाला वाटतं. कदाचित तो आधीही गोळीचा नसावा.

म्हणून दर महिन्याला व्रण येणाऱ्या प्रत्येकाला मी एकदा तरी रक्त तपासायला सांगते: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, बी-१२ आणि फोलेट. पोटाच्या तक्रारी असतील तर सीलिॲकसाठी टीटीजी-आयजीए. यातल्या बारकाव्यांवर लोक हमखास अडखळतात. जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असताना तपासणी केली तर रिपोर्ट छान दिसतो आणि कमतरता झाकली जाते; नमुना देण्याआधी काय घेताय ते डॉक्टरांना सांगा. हिमोग्लोबिन व्यवस्थित म्हणून लोह व्यवस्थित असं समजू नका. साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर घसरतं, आणि साठा दाखवतो तो फेरिटिन. फेरिटिन ताप किंवा सूज असताना खोटं वर जातं, तेव्हा ताप उतरल्यावर तपासा. आणि सीलिॲकची तपासणी व्हायच्या आधीच गहू सोडून बसू नका, नाहीतर आजार असूनही रिपोर्ट निर्दोष येतो. एक इशारा: बी-१२ कमी असताना नुसतं फोलिक ॲसिड घेत राहिलं तर रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो, पण आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते. हातापायांना मुंग्या येत असतील तर ही गोष्ट पहिल्या वाक्यात सांगा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोलसारखी गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी सापडतं. पाळीच्या वेळी रक्तस्राव जास्त जात असेल तर लोह. तुमच्या वयाच्या स्त्रियांत हे दुसरं कारण मला सगळ्यांत जास्त भेटतं, आणि पाळीचं विचारलं की बऱ्याच जणी म्हणतात, ‘त्याचा आणि तोंडाचा काय संबंध?’

रिपोर्टमध्ये सगळं ठीक आलं तरी बी-१२चा प्रयोग वाया जात नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत रोज रात्री १,००० मायक्रोग्रॅम बी-१२ जिभेखाली ठेवायला दिलं होतं. सहा महिन्यांनंतर शेवटच्या महिन्यात एकही व्रण न झालेले लोक त्या गटात ७४ टक्के होते, तर औषध नसलेली खोटी गोळी घेतलेल्यांत ३२ टक्के. आणि सुरुवातीला रक्तातलं बी-१२ किती होतं याने फरक पडला नाही. माणसं जेमतेम ५८ होती, त्यामुळे मी हे ब्रह्मवाक्य म्हणून सांगत नाही. पण अपाय जवळजवळ नाही, म्हणून सहा महिने करून बघायला सांगते. फरक पडायला काही महिने लागतात; पंधरा दिवसांत सोडून देऊ नका.

बाकीच्या ठिणग्या. ताठ केसांचा ब्रश, घाईत बसलेला त्याचा फटका, तुटलेल्या दाढेची धारदार कड, दातांच्या तारा, बोलत बोलत चावला गेलेला गाल. मार बसलेल्या जागी दोन दिवसांनी व्रण उठला तर कारण समोरच आहे. टूथपेस्टला फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट काही लोकांच्या अस्तराला सोसत नाही. त्यावरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, पण पेस्ट बदलायला लागतं काय? डब्यावरचे घटक वाचा, ते नसलेली पेस्ट तीन महिने वापरा आणि व्रण मोजा. ताण: परीक्षेच्या, हिशेब बंद करायच्या, आजारपणाच्या दिवसांत तोंड येणारे मी इतके पाहिले आहेत की ते नाकारत नाही, फक्त ‘ताण घेऊ नका’ हा सल्ला देत नाही, कारण तो कुणालाच पाळता येत नाही. काही जणींना पाळीच्या आधीच्या आठवड्यात ठरून होतं आणि गरोदरपणात अजिबात होत नाही.

एक विचित्र वाटेल असं कारण आहे. धूम्रपान सोडल्यावर काही आठवड्यांत तोंड येऊ लागतं. धुराच्या माऱ्याने अस्तर निबर झालेलं असतं, ते पुन्हा मऊ व्हायला लागतं म्हणून. माझ्याकडे आलेला एक जण यावरून ‘मला सिगारेट मानवत होती’ असा निष्कर्ष काढून परत ओढायला लागला होता. तुमच्या ओळखीत कुणी असं म्हणालं तर त्याला सांगा, हे काही आठवड्यांत ओसरतं. सिगारेटने होणारं नुकसान ओसरत नाही.

पथ्याबद्दल मी कंजूस आहे. सुका मेवा, चॉकलेट, लिंबूवर्गीय फळं, टोमॅटो यांनी काहींना होतं, बहुतेकांना होत नाही. सगळंच सोडून देणारी माणसं शेवटी कमी खातात आणि कमतरता वाढवून घेतात. त्यापेक्षा एका वहीत व्रण दिसला ती तारीख, जागा, आधीच्या दोन दिवसांत खाल्लेलं वेगळं काही, पाळीचा दिवस, झोप, आणि तो भरला ती तारीख, एवढंच लिहा. तीन महिन्यांची वही घेऊन आलेला रुग्ण मला पाचशे प्रश्नांच्या बरोबरीचा वाटतो. मोबाइलवर फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून.

आता आलेल्या व्रणाचं काय करायचं. तुम्हाला हे पाच वर्षांपासून होतंय, तर व्रण दिसायच्या आदल्या दिवशी तिथे चुरचुरतं हे तुम्हाला ठाऊक असेल. औषधाचा खरा मुहूर्त तो. स्टेरॉइडचा तोंडात चिकटणारा लेप, म्हणजे ०.१ टक्का ट्रायॲमसिनोलोन, त्या चुरचुरण्यावर लावला तर व्रण लहान राहतो आणि लवकर आटपतो; चौथ्या-पाचव्या दिवशी लावला तर नुसतं समाधान. लावायची पद्धत कुणी सांगत नाही, आणि तिथेच औषध फुकट जातं. चूळ भरा. जागा स्वच्छ कापडाने किंवा गॉजने टिपून कोरडी करा. ओल्या जागेवर लेप बसतच नाही. मुगाच्या दाण्याएवढा लेप बोटावर घेऊन व्रणावर टेकवा, दाबून ठेवा, चोळू नका. चोळला की तो रवाळ होऊन सुटतो. जेवणानंतर आणि झोपताना, दिवसातून दोन-तीन वेळा; त्यानंतर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. रात्रीचा लेप सगळ्यांत जास्त वेळ टिकतो, तो चुकवू नका. सात-आठ दिवसांत फरक दिसला नाही तर लेप वाढवत बसू नका, तोंड दाखवा. लेप दीर्घकाळ लावल्याने बुरशी वाढते; पुसल्यावर निघून येणारा पांढरा थर दिसला तर ती समजा.

व्रण एकाच वेळी खूप असतील किंवा मागे, बोट पोचणार नाही अशा जागी असतील, तर आम्ही स्टेरॉइडच्या विरघळणाऱ्या गोळीच्या गुळण्या देतो. त्या करून थुंकायच्या असतात, गिळायच्या नसतात, आणि त्या देखरेखीखालीच कराव्यात.

०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनची गुळणी व्रण घडवणारं कारण काढत नाही. उघड्या जागेवर जंतूंचा दुय्यम त्रास होऊ देत नाही, एवढंच. १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा, आठवडाभर. टूथपेस्ट आणि ही गुळणी यांत अर्धा तास अंतर ठेवा, कारण पेस्टमधले घटक तिला निकामी करतात. महिनोन्महिने वापरली तर दात तपकिरी पडतात आणि चव बिघडते. दुखण्यासाठी बेन्झिडामिनची ०.१५ टक्के गुळणी जेवणाच्या थोडं आधी चांगली, किंवा लिग्नोकेनची सुन्न करणारी जेल व्रणापुरतीच. जेल सढळ हाताने लावू नका. घसा सुन्न झाला तर घास चुकीच्या वाटेला जातो, आणि तोंड सुन्न असताना गरम काही प्यायलात तर भाजलेलं कळत नाही. सॅलिसिलेट असलेली जेल १६ वर्षांखालच्या मुलांना लावू नये. बेन्झोकेनची जेल दोन वर्षांखालच्या बाळांना तर अजिबात नाही. त्याने रक्तातला ऑक्सिजन वाहून न्यायची क्षमता घटू शकते.

घरचे उपाय? कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ किंवा खाण्याचा सोडा टाकून गुळण्या, बर्फाचा खडा चोखणं: बिनधोक. मध लावलात तरी हरकत नाही, फक्त एक वर्षाखालच्या बाळाला नको, आणि नंतर चूळ भरा. पण ‘झोंबलं म्हणजे औषध लागलं’ हा समज सोडा. झणझणीत काही लावलं की तिथली संवेदनाच जळून जाते, म्हणून तासाभराने बरं वाटतं. जखम मात्र मोठी होते. ॲस्पिरिनची गोळी कुटून व्रणावर ठेवणारा माणूस वर्षातून एक तरी येतो. अस्तर पांढरंफटक, भाजल्यासारखं, आणि मूळचा व्रण सापडतही नाही.

वर्षभर एकामागून एक मोठे व्रण येणाऱ्या थोड्या लोकांना कोल्चिसिन किंवा डॅप्सोनसारखी पोटात घ्यायची औषधं लागतात. ती नियमित रक्ततपासणीवर चालतात आणि तज्ज्ञाशिवाय घ्यायची नसतात. तुम्ही तिथे पोचलेल्या नाहीत.

औषधांनीच होणारे व्रण मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावेत. हृदयाच्या दुखण्यासाठीच्या निकोरँडिलने जिभेवर-गालावर खोल, हट्टी व्रण होतात. औषध बदललं की भरतात. आणि मेथोट्रेक्सेट. सांधेदुखीसाठी ते आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. एका आजींनी समजुतीच्या घोटाळ्यातून ते रोज घेतलं. नवव्या दिवशी त्या माझ्याकडे ‘तोंड आलंय, मलम द्या’ म्हणून आल्या. ओठांपासून घशापर्यंत सगळं अस्तर सोललेलं, हिरड्यांतून रक्त. मलम न देता थेट रुग्णालयात पाठवलं. रक्तातल्या पेशी धोक्याच्या पातळीवर उतरल्या होत्या. भराभर बदलणाऱ्या पेशींवर या औषधाचा घाव आधी पडतो, म्हणून तोंड आधी बोलतं. तोंड आल्यावर डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची सगळी पाकिटं सोबत न्या. आपणहून कुठलंही बंद मात्र करू नका.

आता तो न दुखणारा व्रण. नियम सोपा आहे: कुठलाही व्रण तीन आठवड्यांत भरला नाही तर तोंड दाखवायचं. दुखो वा न दुखो. साधारण ५८ वर्षांचे एक गृहस्थ, जिभेच्या कडेला व्रण, शेजारी तुटकी दाढ. दाढ लागते म्हणून झालंय असं त्यांनी ठरवलं आणि अडीच महिने सुन्न करणारी जेल लावली. अशा वेळी आम्ही काय करतो, तर धार घासून दाढ गुळगुळीत करतो आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बघतो. दाढ खरोखर कारण असेल तर व्रण भरत आलेला असतो. त्यांचा होता तसाच होता. कड बोटाला कडक लागत होती. तुकडा काढून तपासायला पाठवला, कॅन्सरच निघाला. अडीच महिने आधी आले असते तर शस्त्रक्रिया बरीच छोटी झाली असती. जिभेची कड आणि जिभेखालचा तळ या जागा विशेष जपायच्या. सोबत कडक कड, सहज रक्त येणं, मानेत गाठ, एकाच कानात ठणका, गिळताना अडथळा, विनाकारण दात हलणं, ओठ किंवा हनुवटी बधिर होणं, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, यांतलं काही असेल तर तीन आठवडेही थांबू नका. तंबाखू, सुपारी, दारू यांची सवय असणाऱ्यांनी तर नाहीच. आयुष्यात कधी तोंड न आलेल्या माणसाला पन्नाशीत अचानक वारंवार यायला लागलं, तर तेही मला साधं वाटत नाही. तिथे मी आधी रक्त बघते.

आणखी एक विचारते, संकोच न करता उत्तर द्या: तोंडासोबत जननेंद्रियावरही व्रण येतात का? डोळे लाल होऊन दुखतात, अंधुक दिसतं का? तुर्कस्तानचे त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेहचेट यांनी १९३७ साली या तिन्ही गोष्टी एकत्र मांडल्या आणि त्या आजाराला त्यांचंच नाव मिळालं. तो विरळ आहे, पण त्यात डोळे जाऊ शकतात. रुग्ण तोंडाचं दंतवैद्याला सांगतो, डोळ्याचं नेत्रतज्ज्ञाला आणि तिसरं कुणालाच नाही. मग जोडणी करायला वर्षं जातात.

कायमचं बंद होईल का? तसं वचन देणाऱ्यापासून लांब राहा. कमतरता सापडली आणि भरून काढली तर पूर्ण थांबलेले रुग्ण माझ्याकडे आहेत. ती नसेल तर दर महिन्याचं दर चार महिन्यांवर आणि दहा दिवसांचं चार दिवसांवर येणं हे मी यश मानते. तुम्ही या क्रमाने जा: रक्ततपासणी, पेस्ट आणि ब्रश बदल, धारदार दात असेल तर घासून घेणं, वही, आणि चुरचुरल्याबरोबर लेप.

राहिला मुलाचा प्रश्न. तुमचे व्रण त्याला लागणार नाहीत. एका ताटात जेवा, पापा घ्या. स्वभाव रक्तातून गेला असेल तर पुढे कधी त्यालाही होतील, एवढंच. पण त्याला ताप येऊन हिरड्या लालभडक सुजल्या आणि तोंडभर बारीक व्रण उठले, तर तो तुमचा आजार नव्हे, हर्पिसची पहिली लागण असण्याची शक्यता जास्त. तळहात-तळपायांवरही पुरळ असेल तर हात-पाय-तोंडाचा विषाणूजन्य आजार. हे दोन्ही मात्र लागतात: पेला-टॉवेल वेगळा ठेवा, हात धुवा, आणि घरात आहे म्हणून तुमचा लेप त्याच्या तोंडाला लावू नका. हर्पिसवरच्या औषधाचा उपयोग पहिल्या तीन दिवसांत असतो, तेव्हा लवकर दाखवा. मुलांना या आजारात व्रणांपेक्षा पाणी न पिण्याने जास्त धोका होतो. थंड, घोटभर, दर पंधरा-वीस मिनिटांनी काहीतरी पाजत राहा. आठ तासांत लघवी झाली नाही किंवा मूल मलूल पडलं, तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्या.